तळ्याला वाहिलेल्या एकोणीस मुठी

रविवार, ४ ऑगस्ट

जो थेंबात आणि सागरात सारखाच सामावला आहे, ज्याने मुक्या जीवांना भूक दिली आणि भुकेल्या माणसांना आशा दिली, त्या दयाघनाला वंदन करून ही वही उघडतो. त्याची कृपा असेल तेथवर लेखणी चालावी. नसेल तेथे ती आपणहून थांबावी.

आता विषय सांगतो. आमच्या वस्तीला एक तळे मिळाले आहे.

आम्ही एकोणीस घरे. पिढ्यानपिढ्या नदीत जाळे टाकून जगलो. वरच्या अंगाला धरण झाले, खालच्या अंगाला वाळू उपसणाऱ्यांनी खड्डे पाडले, आणि मधल्या आमच्या नदीत आता गुडघाभर डबकी उरली आहेत. आमच्यापैकी कोणाच्याही नावावर जमिनीचा तुकडा नाही. घरे उभी आहेत ती जागासुद्धा परक्याची आहे.

विटांसाठी माती काढता काढता गावाबाहेर जे मोठे तळे झाले होते, ते मत्स्य खात्याच्या साहेबांनी आमच्या मच्छीमार संस्थेला एका हंगामापुरते दिले आहे. अट सरळ आहे. मार्चअखेर जाळे ओढून पुरेसा मासा दाखवला, तर तळे दहा वर्षांसाठी आमचे. न दाखवला, तर लिलाव. आणि लिलावात ठेकेदारासमोर आमची काय पत्रास?

माझ्याविषयी थोडे. तरुणपणी उजव्या हाताची तीन बोटे जाळ्याच्या दोराने नेली आणि होडी सुटली. एका गुरुजींनी दया करून डाव्या हाताने लिहायला आणि पुढे संस्कृत वाचायला शिकवले. गेली सत्तेचाळीस वर्षे मी वस्तीला ग्रंथ वाचून दाखवतो. लोक मला बुवा म्हणतात. लग्न कोठे जुळवावे, भांडण कसे मिटवावे, होडी केव्हा लोटावी, हे मलाच विचारतात. हा मान माझा नाही, ग्रंथाचा आहे, असे मी स्वतःला रोज बजावतो.

मुलगा दोन वर्षांपासून बंदराच्या शहरात बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलतो. तळे आपले झाले की परत येईन, असे त्याने कळवले आहे. सूनबाई येथेच आहे. खात्याच्या दहा दिवसांच्या मत्स्यशेती वर्गाला वस्तीतून ती एकटीच गेली, कारण दुसरे कोणी तयार होईना.

"मासा धरायला शिकायचं म्हणून बाकावर बसायचं?" नावाडी म्हणाला. हा आमच्या संस्थेचा अध्यक्ष. नदी भरलेली होती तेव्हा माणसे या तीरावरून त्या तीरावर नेत असे.

"धरायला नाही हो दादा, वाढवायला," सूनबाई म्हणाली.

"वाढवणारे आपण कोण? तो वाढतो, आपण धरतो. एवढं साधं आहे."

सर्व हसले. मीही हसलो.

रविवार, ११ ऑगस्ट

आज बीज सोडले. टेम्पोतून हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि प्रत्येक पिशवीत बोटाएवढी पिल्ले. खात्यात त्यांना बोटुकली म्हणतात. सूनबाईने पिशव्या अर्धा तास तळ्यावर नुसत्या तरंगत ठेवल्या. नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून. लोक चुळबुळत होते. मी शांतिपाठ म्हटला आणि मग पिशव्यांची तोंडे सुटली.

थोरली काकू माझ्या शेजारी उभी होती. वस्तीतली सर्वांत वडीलधारी विधवा. साठ वर्षे डोक्यावर टोपली घेऊन मासे विकले आहेत.

"काय हो बुवा," ती म्हणाली, "आता ह्यांना रोज जेवायला घालायचं, लाड करायचे, आणि अंगानं भरले की बाजारात मांडायचं. तुमच्या ग्रंथात बसतं का हे?"

"तुझ्या तोंडाला कुलूप आहे का काकू?"

"होतं. किल्ली तुमच्या भावासंगं गेली."

तिचा नवरा माझा चुलतभाऊ होता. लोक पुन्हा हसले. मी मात्र तिचा प्रश्न घरी घेऊन आलो. आम्ही आयुष्यभर पाण्यातून घेतले. पाण्याला आम्ही काय दिले?

सोमवार, २ सप्टेंबर

सूनबाई रोज सकाळी शेंगदाण्याची पेंड आणि कोंडा तराजूवर तोलते, भिजवते आणि ठरल्या ठिकाणी पाण्यात सोडते. वजन वहीत लिहिते. हे सर्व यंत्रवत चालते, त्यात भाव नाही, याची मला खंत वाटत होती. परंतु आज एक गोष्ट पाहून समाधान झाले. खाद्य देण्यापूर्वी ती काठावर गुडघे टेकते, उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवते, आणि आपल्या तळव्याकडे पाहत काही क्षण स्तब्ध राहते. न शिकवता ही श्रद्धा तिच्यात कोठून आली? मी खाकरलो नाही. आल्या पावली मागे फिरलो.

शनिवार, १४ सप्टेंबर

काल रात्रभर मनन करून आज सभेत माझा विचार मांडला. आमचे कुळ पाण्याचे ऋणी आहे. अन्नदानाहून मोठे दान शास्त्रांनी सांगितलेले नाही. तेव्हा रोज सूर्योदयाला प्रत्येक घराने आपल्या हाताने एक मूठ तळ्याला वाहावी. कोंडा असेल तर कोंडा, पीठ असेल तर पीठ. एकोणीस घरे, एकोणीस मुठी.

कित्येकांचे डोळे भरून आले. नावाडी उभा राहून म्हणाला, "बुवा, नदीत मासा कधी म्हणाला नाही मला, ताट वाढ म्हणून. म्हणाला असता तर वाढलं असतं हो!"

सूनबाई मागच्या बाजूला होती. "बाबा, माप ठरलेलं असतं. माशांच्या वजनावर असतं ते. जास्त झालं तर..."

"जास्त झाले तर खातील," मी म्हणालो. "आईने घास मोजल्याचे कोणी ऐकले आहे का?"

ती पुढे बोलली नाही. तिला पटले असावे.

रविवार, २० ऑक्टोबर

परमेश्वराची कृपा डोळ्यांना दिसू लागली आहे. तळ्याचे पाणी आरंभी मातकट होते, ते आता गर्द हिरवे झाले आहे. जणू कोणी पाचू विरघळवला. नमुन्यासाठी लहान जाळे टाकले, तर मासे वीतभर निघाले. नावाड्याने एक हातात धरला आणि लहान मुलासारखा ओरडला. पुष्कळ दिवसांनी त्याच्या हाताला जिवंत मासा लागला होता. मासा पुन्हा सोडला, आणि तो हात त्याने धुतला नाही. तसाच वास घेत घरी गेला.

मुलाचा फोन आला. त्याने मार्चपर्यंतचे दिवस मोजले आहेत. त्याच्या बोटांना बर्फाने भेगा पडल्या आहेत, हे त्याने मला सांगितले नाही, सूनबाईने सांगितले.

पहाटेची मूठ एकही घर चुकवत नाही.

सोमवार, ९ डिसेंबर

दिवस कठीण आहेत. नदीत काही नाही, आणि तळ्याला मार्चपर्यंत हात लावायचा नाही. पुरुष मिळेल ती मजुरी करतात. बायका दुसऱ्यांच्या गोदामात कांदा निवडतात. आज थोरली काकू काठावर आली तेव्हा तिच्या मुठीत चांगले पीठ होते.

"कोंडा संपला का?" मी विचारले.

"कोंडा कालच संपला. हे माझ्या ताटातलं. आज पोटाला जरा सुट्टी."

"काकू, एखादा दिवस नाही वाहिले तरी..."

"अहो, अठरा मुठी पडतील आणि माझीच नाही? मासे काय म्हणतील? ही थोरली का?"

तिची निष्ठा पाहून माझी मान लवली. संध्याकाळी ग्रंथातील त्यागाचा अध्याय वाचला, आणि तिचे नाव न घेता तिचे उदाहरण दिले. सूनबाई मधूनच उठून गेली. कामाचा शीण असावा.

गुरुवार, १६ जानेवारी

आज जे पाहिले ते जसेच्या तसे लिहितो.

सूर्योदयापूर्वी तळ्यावर पोहोचलो. सगळे मासे वर आले होते. शेकडो, हजारो. तोंडे पाण्याबाहेर काढून, उघडमीट करत, एका लयीत. बुडबुड्यांचा मंद आवाज सगळ्या तळ्यावरून येत होता. सत्तेचाळीस वर्षे मी माणसांना नामस्मरण शिकवले. एवढ्या जिवांनी एकवटून केलेले मी कधी पाहिले नव्हते. मी काठावर बसून राहिलो. ऊन चढल्यावर ते हळूहळू खाली गेले.

नावाड्याला सांगितले. तो म्हणाला, "पहाटे मासा वर आला की दिवस चांगला. आज्ज्यापासून ऐकतोय. नदीत असा दिसला की आम्ही लाथ घालून होडी लोटायचोच."

शुक्रवार, १७ जानेवारी

आजही आले. सारी वस्ती पाहायला जमली. बायकांनी हात जोडले. ते भुकेने आमची वाट पाहतात असे मी सांगितले, आणि प्रत्येक घराने एकाऐवजी दोन मुठी वाहिल्या.

रविवार, २ फेब्रुवारी

आज सभेत अप्रिय प्रसंग घडला. तो टाळता आला असता तर बरे झाले असते.

सूनबाई स्वतःहून पुढे आली. तिचा आवाज हळू होता. "मला बोलायचंय. मासे वर येतात ते भुकेनं नाही येत. त्यांना श्वास पुरत नाही. हात कोपरापर्यंत बुडवला तर तळवा दिसायला पाहिजे. दिसला नाही की खाद्य बंद करायचं. डिसेंबरपासून मला माझा तळवा दिसत नाहीये."

म्हणजे तो विधी नव्हता! मला किंचित वाईट वाटले.

"पाण्यात राहणाऱ्याला श्वास कसला?" कोणीतरी म्हणाले, आणि हशा झाला.

"असतो," ती म्हणाली. "नदीचं पाणी पळतं, दगडांवर आपटतं, हवा घेतं. आपण ते कधी बघितलं नाही, कारण बघावं लागलं नाही. हे पाणी बसलेलं आहे. मुठी थांबवा. निदान आभाळ आलं त्या दिवशी तरी थांबवा."

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी तिच्यावर रागावलो नाही, हे येथे नमूद करतो. मी सौम्यपणेच बोललो. "बाळ, दहा दिवसांच्या वर्गाला जे कळते त्याहून अधिक या लोकांच्या हातांना कळते. आणि परमेश्वराने झाकून ठेवलेला तळवा पाहण्याचा हट्ट आपण का करावा?"

लोकांनी माना डोलावल्या. ती खाली बसली. मग फक्त काकूचा आवाज आला, "पोरगी काहीतरी शिकून आलीये, ऐकून घ्यायला काय जातं?" पण तोवर सभा उठली होती.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

तीन दिवस आभाळ भरलेले आहे. वारा नाही. पान हलत नाही. तळ्याला किंचित कुबट वास येतो आहे. काठावरच्या गोगलगायी पाणी सोडून मातीवर चढून बसल्या आहेत. मासे आता ऊन चढण्याच्या वेळेलाही वरच असतात. ऊन चढतच नाही.

नावाडी म्हणाला, जुनी होडी तळ्यात घालून दोन चकरा मारू का, नाहीतर वल्ह्याची सवय जाईल. मी नको म्हणालो. माशांच्या विणीच्या दिवसांत नदीला वल्हे लावायचे नाही, हा आमचा नेम आहे. तेथे सर्वजण पाळत होते, येथे का मोडायचा? वाढत्या जिवांचे हे तळे म्हणजे पाळणाच; पाळण्यात पाय घालू नये.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मन अस्वस्थ आहे. सूनबाईच्या प्रकृतीविषयी लिहिणे भाग आहे.

आज उजाडता उजाडता तळ्यावर गेलो, तर ती छातीभर पाण्यात उभी होती. हातात घागर. घागर भरून डोक्याइतकी वर न्यायची आणि तेच पाणी पुन्हा त्याच पाण्यात ओतायचे. पुन्हा भरायची, पुन्हा ओतायची. अंग थरथरत होते, ओठ निळे पडले होते. किती वेळ चालले होते कोण जाणे. पाण्यातले पाणी पाण्यात ओतणे, याला मी काय म्हणू?

"सूनबाई, बाहेर ये."

"नाही बाबा. तुम्ही पण या. सगळ्यांना बोलवा. होडी घाला, काठ्यांनी बडवा, काहीही करा, पाणी हलवा!"

मी आत गेलो. थंडीने श्वास अडकला. तिच्या हातातून घागर काढून घेतली. तिने सोडली नाही. मला ओढून घ्यावी लागली. दोन बायकांनी तिला धरून घरी नेले. काठावर मुठी घेऊन आलेले लोक हे पाहत उभे होते. मग एकेकाने आपली मूठ वाहिली.

मुलाला फोन केला. नवरा दूर असला की बाईच्या मनावर ताण येतो; जमेल तितक्या लवकर ये, असे सांगितले. तो म्हणाला, "बाबा, ती काय म्हणते ते ऐका ना." मी म्हणालो, ऐकतो आहे म्हणूनच फोन केला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सर्व गेले.

काल पाण्याबाहेर तोंडे होती, आज पोटे. या काठापासून त्या काठापर्यंत पांढरे. मधून पाणी दिसत नव्हते.

कोणी रडले नाही. आधी पुरुष उतरले, मग बायका. टोपल्यांनी बाहेर काढू लागले. दुपारपर्यंत मासे फुगले. कोणीतरी म्हणाले, सकाळचे अजून ताजे आहेत, बाजारात नेले तर चार घास सुटतील. थोरली काकू एवढी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. "आपल्या हातानं मेलेला मासा विकतो आपण. आपणहून मेलेला नाही. माझ्या टोपलीत ते पाप घालायचं नाही."

मग पुरायचे कोठे? आमच्या पायाखाली आमची जमीन नाही. नावाडी शेजारच्या शेतमालकाकडे गेला, वीटभट्टीवाल्याकडे गेला. दोघांनीही वास येईल म्हणून नकार दिला. शेवटी नदीच्या कोरड्या पात्रात, वाळूवाल्यांनी सोडलेल्या खड्ड्यांत पुरले. जिथून आमचे आजोबा मासे काढत, तेथे आम्ही मासे घातले.

सूनबाई तापाने निजून आहे. तिला सांगावे लागले नाही. वास घरापर्यंत आला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

साहेब आले. त्यांनी पाण्यात हात घालून तळाचा चिखल वर काढला. काळा, कुजलेला, त्यात न खाल्लेली पेंड आणि पीठ. "श्वास संपला पाण्यातला," ते म्हणाले. "खाली खाद्य सडत होतं, वर शेवाळ माजलं होतं, त्यात चार दिवस ऊन नाही. हे सगळं टाकलं कोणी? खाद्य कोणाकडे होतं?"

एकोणीस घरे जमिनीकडे पाहत उभी होती. मी बोलायला तोंड उघडत होतो, मुठींचे महत्त्व त्यांना समजावून सांगावे म्हणून. तेवढ्यात सूनबाई तापातच पुढे आली.

"माझ्याकडे, साहेब. माझं माप चुकलं."

मी थक्क झालो. तिचे माप मी पाहत आलो होतो. ती तोळाभर चुकत नसे. कदाचित आमच्या नकळत ती जास्त टाकत असावी. म्हणूनच ती आधीपासून घाबरलेली होती का? आता पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

साहेबांनी तिचे नाव लिहून घेतले.

रविवार, २३ फेब्रुवारी

संध्याकाळी ग्रंथातील क्षमेचा अध्याय घेतला. वाचून झाल्यावर सर्वांसमोर सांगितले, की चूक माणसाकडूनच होते, आणि माझ्या सुनेला मी मनापासून क्षमा केली आहे; वस्तीनेही करावी. ती पहिल्या रांगेत बसली होती. तिने वाकून नमस्कार केला. सभेत एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. माझ्या शब्दांचा परिणाम झाला असावा.

सोमवार, ३ मार्च

मुलगा आला आणि सूनबाईला घेऊन गेला. तो परत राहायला येणार होता. दोन तास थांबला. माझ्या पाया पडला, पण माझ्याकडे पाहिले नाही. तीही तेथे मासे निवडण्याचे काम करील, म्हणे.

गेल्या आठवड्यात सात घरांना कुलपे लागली. नावाडी काल गेला. आपली होडी उलटी घालून ठेवली आहे. विकत घ्यायला कोणी नाही. जाताना म्हणाला, "बुवा, शहरात मला कोणी नावाडी म्हणणार नाही आता. नावच विचारतील." लिलावाची तारीख लागली आहे.

रविवार, ९ मार्च

आज वाचनाला चौघे होते. उठताना मी थोरल्या काकूला थांबवले. मनात खुपत होते ते विचारले: सूनबाईने माप कधी आणि का चुकवले असावे?

काकू उठता उठता पुन्हा खाली बसली.

"बुवा, खरंच कळलं नाही तुम्हाला? का सोंग करताय?"

"काय कळायचे?"

"ती पेंड नव्हती हो फक्त. पीठ होतं त्या चिखलात. पीठ कोणी वाहिलं? मी. नावाड्यानं. एकोणीस घरांनी, पाच महिने. तुम्ही सांगितलंत म्हणून."

मी हातातला ग्रंथ खाली ठेवला.

"सगळ्यांना कळलं मासे मेले त्याच दिवशी. साहेबांनी चिखल दाखवला तेव्हा पक्कं झालं."

"मग कोणी बोलले का नाही?"

"काय बोलायचं? तळं गेलं. आता तुम्हालाही घालवायचं? तिनंच अडवलं आम्हाला. सांगून ठेवलं होतं साहेब यायच्या आदल्या दिवशी, तापात. म्हणाली, बाबांना कळलं तर ते ग्रंथ मिटून ठेवतील, मग वस्तीत एकत्र बसायलाही कारण उरायचं नाही." काकूने डोळे पुसले, आणि मग तिला राग आला. "आणि तुम्ही तिला माफ केलंत! चारचौघांत! मी तेव्हाच उठून जाणार होते. गुडघ्यांनी ऐकलं नाही म्हणून बसले."

पाण्यात पाणी ओतणारी ती, आणि घागर हिसकावणारा मी. ती हवा ओतत होती.

बुधवार, १२ मार्च

तालुक्याच्या कार्यालयात गेलो. तेथे कळले की अहवालात "जबाबदार व्यक्ती" म्हणून सूनबाईचे नाव आहे, आणि त्यामुळे पुढे तिला खात्याकडून तळे, बीज वा प्रशिक्षण काहीही मिळणार नाही. वस्तीत मासा वाढवण्याचे ज्ञान असलेले एकच माणूस होते.

मी चार पाने लिहून नेली होती. सर्व सांगितले होते: मुठी, दुप्पट मुठी, वल्ह्याची बंदी, घागर. कारकून तरुण होता, वाईट नव्हता.

"आजोबा, फाईल वर गेली."

"वर म्हणजे कोठे?"

"वर म्हणजे वर. आणि तुमचा जबाब कशात घेऊ मी? सभासद आहात का संस्थेचे?"

नाही. सभासद व्हायला होडी लागते किंवा जाळे. माझ्याकडे सत्तेचाळीस वर्षे दोन्ही नाही.

"पदाधिकारी? सल्लागार? मजूर?" त्याने तीन रजिस्टरे पाहिली. "तुमचं नावच नाही कुठे. तुमच्या सांगण्यावरून झालं असं कागद म्हणत नाही."

"पण झाले माझ्याच सांगण्यावरून."

"असेल हो. पण मग तुम्ही कोण, हे काय लिहू?"

मी पाने पुन्हा त्याच्यापुढे सरकवली. त्याने पाने परत केली, आणि उन्हाचे जाऊ नका, पंख्याखाली जरा बसा, म्हणाला.

घरी येऊन सूनबाईला फोन लावला. मागे टोपल्या आपटल्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, मला कळले. ती म्हणाली, "बाबा, जेवलात का?"

"सूनबाई, मी..."

"असू द्या आता. मीच जोरात बोलायला हवं होतं. हळू बोलले."

अजूनही ती अर्धे ओझे स्वतःकडे घेत होती. मी ते काढून घेण्याआधी कोणीतरी तिला हाक मारली, आणि फोन बंद झाला.

रविवार, १६ मार्च

काल लिलाव झाला. तळे ठेकेदाराकडे गेले. तो पाणी उपसून, चुना मारून, नवे बीज सोडणार आहे. राखणीला माणसे हवी आहेत असे त्याने वस्तीत सांगून पाठवले. रात्रपाळी, आणि आमच्यापैकी कोणी आत जाळे टाकताना दिसला तर त्याला पकडून देण्याचे काम. दोघांनी होकार कळवला आहे. मी त्यांना काही सांगितले नाही. ते मला विचारायला आलेही नाहीत.

वाचनाला आज काकू एकटी होती. मी ग्रंथ उघडला नाही. आम्ही दोघे नुसतेच बसलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "वाचा की. काहीतरी आवाज होऊ द्या घरात." मग वाचले. शब्द तेच होते. माझा आवाज मलाच परका वाटला.

कार्यालयाने जे घेतले नाही ते येथे लिहून ठेवतो. तळ्यातील सर्व जीव माझ्या शब्दाने मेले. एकोणीस घरांचे तळे माझ्या शब्दाने गेले. माझ्या सुनेचे माप कधीही चुकले नव्हते. माझे नाव कोणत्याही रजिस्टरात नाही, म्हणून हे तिच्या नावावर राहू नये. ज्याच्या हाती ही वही पडेल त्याने, शक्य असेल तर, एवढे तिच्याविषयी चार लोकांत सांगावे.

आणि जो हे वाचील त्याचे परमेश्वर कल्याण करो. त्याच्या घरी अन्न असो, त्याच्या पाण्यात जीव असो, त्याला पाय टेकायला स्वतःची जागा असो. त्याच्या घरात जे माणूस सर्वांत हळू बोलते, त्याचे बोलणे त्याला वेळेवर ऐकू येवो. ज्यांना वाचता येते त्यांचे, आणि ज्यांना वाचता न आल्यामुळे दुसऱ्याच्या वाचण्यावर विसंबावे लागते त्यांचे तर अधिकच, मंगल होवो.